चव न घेता दिलेला निकाल : मुलांच्या पाककला स्पर्धा आणि त्यांचे प्रेक्षक

टीव्हीवरच्या स्पर्धांचा विषय निघाला की बोलणं लगेच वाहिनीवर, निर्मात्यांवर, नाहीतर पालकांवर घसरतं. आज आम्ही त्यांना जरा बाजूला बसवणार आहोत आणि प्रेक्षकांबद्दल, म्हणजे आपल्याबद्दल बोलणार आहोत. लहान मुलांच्या पाककला स्पर्धा बघून लोक जी मतं देतात ती नेमकी कशाबद्दल असतात, एवढाच आजचा प्रश्न.

उदाहरणासाठी 'मास्टरशेफ ज्युनियर' घेऊ. मूळ 'मास्टरशेफ' बीबीसीचा, १९९० सालचा, आणि मुलांची आवृत्तीही तिथेच १९९४ मध्ये आली. पण आज आपल्या डोळ्यांपुढे जो नमुना येतो, तो अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर सप्टेंबर २०१३ मध्ये सुरू झालेला. ८ ते १३ वर्षांची मुलं, एक लाख डॉलरचं बक्षीस आणि परीक्षकांत गॉर्डन रॅमसी. त्याच वर्षी आपल्याकडे स्टार प्लसवर विकास खन्ना, कुणाल कपूर आणि सुरजन सिंग जॉली यांच्यासमोर मुलं हिंदीत स्वयंपाक करत होती.

आता प्रेक्षकांचं काय म्हणणं असतं बघा. पहिलं मत : किती गोड आहेत हो ही मुलं! दुसरं : काय हे, लेकरांचं बालपण हिरावून घेतलं. तिसरं : छे, हे सगळं पढवलेलं आहे, नऊ वर्षांच्या पोराला एवढं येईलच कसं? तिन्ही मतांचे लोक एकमेकांशी कडाकडा भांडतात. पण तिन्ही मतं शेजारी ठेवून ऐकली तर लक्षात येतं, की पदार्थाबद्दल कुणीच बोलत नाही. सगळे मुलाबद्दल बोलताहेत.

हे असं का होतं? आम्हांला वाटतं, कारण अगदी साधं आहे. टीव्हीला चव नसते.

झी मराठीवरचं 'सा रे ग म प लिटल चॅम्प्स' आठवा, २००८-०९ मधलं. रात्री अख्खा महाराष्ट्र टीव्हीपुढे बसायचा. तिथेही मुलंच होती, तिथेही कौतुकाचा पूर होता, डोळ्यांत पाणी होतं. पण सूर घरापर्यंत पोचत होता. परीक्षकांनी 'नी' दिला तर घरातली आजी म्हणायची, 'नी' कसला, अंतऱ्यात जरा घसरली ती, 'ध' पुरे होता. त्या आजीचं म्हणणं चूक असेल, पण ते गाण्याबद्दल होतं. तिच्या कानावर तेच पडलं होतं जे परीक्षकांच्या कानावर पडलं.

स्वयंपाकाच्या स्पर्धेत प्रेक्षकाच्या हाती काय येतं? ताटाचं चित्र येतं. मीठ कळत नाही, आंबट-तिखट कळत नाही, मांस आतून कसं शिजलंय ते कॅमेरा दाखवेल तेवढंच कळतं. चव घेणारी जीभ फक्त परीक्षकाची. मग प्रेक्षकानं मत द्यायचं तरी कशावर? उरतो तो चेहरा. मुलाचा हात थरथरला का, डोळे भरून आले का, दुसऱ्याचा पदार्थ फसल्यावर ते हसलं का. आणि कार्यक्रमाचं संकलन बरोबर तेच पुरवतं. घास परीक्षकाच्या तोंडाजवळ गेला की कॅमेरा मुलाच्या तोंडाकडे वळतो. घासाला लागणारा वेळ लांबवतात, आणि तेवढा वेळ आपण एका दहा वर्षांच्या मुलाची घालमेल बघत बसतो. खरं सांगायचं तर आपण त्या मुलाचीच चव घेत असतो.

कार्यक्रम करणाऱ्यांना हे कळत नाही असं नाही. मोठ्यांवर खेकसणारा रॅमसी इथे गुडघ्यावर बसून समजावतो. बहुतेक भागांत दोन मुलं एकदम बाद होतात, म्हणजे एकटं कुणी बाहेर पडत नाही. ही काळजी खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. पण ती सगळी स्टुडिओच्या आतली. घरी बसलेला प्रेक्षक कुणाच्या गुडघ्यावर बसण्यानं मवाळ होत नाही.

त्याच्या निकालाचे निकषही मजेशीर असतात. मुलगा आत्मविश्वासानं म्हणाला 'मीच जिंकणार', तर 'काय हुशार आहे'. तेच वाक्य मुलीनं म्हटलं तर 'फार आगाऊ आहे बाई'. रडला तर नाटकी, नाही रडला तर कोडगा. मोठ्यांसारखं बोललं की पढवलेलं, लहानांसारखं बोललं की मग इथे आणलंच कशाला.

हे इथवर थांबत नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये बांद वाहिनीवर 'मास्टरशेफ ज्युनियर' सुरू झालं. पहिला भाग लागला आणि त्यातल्या एका १२ वर्षांच्या मुलीबद्दल ट्विटरवर प्रौढ पुरुषांनी उघडउघड लैंगिक शेरे लिहिले. तिनं काय रांधलं होतं याच्याशी त्या शेऱ्यांचा काही संबंध नव्हता. त्यानंतर 'थिंक ओल्गा' या स्त्रीवादी संस्थेच्या संस्थापक जुलियाना दे फारिया यांनी 'पहिली छेडछाड' अशा अर्थाचा पोर्तुगीज हॅशटॅग सुरू केला आणि स्वतःचा लहानपणीचा अनुभव लिहिला. पाठोपाठ हजारो बायकांनी आपापला पहिला अनुभव लिहिला.

आम्ही हे उदाहरण घाबरवायला देत नाही. 'किती गोड' म्हणणारा आणि ते घाणेरडं लिहिणारा एकच, असंही आम्हांला म्हणायचं नाही. तो अन्याय होईल. पण मुलाच्या कामाकडे न बघता मुलाकडे बघण्याची मुभा दोघांनाही एकाच दारातून मिळालेली आहे, हे नाकारता येत नाही.

आता 'बालपण हिरावलं' या मताकडे येऊ, कारण आपल्याकडे ते फार जोरात दिलं जातं. त्यात तथ्य आहे. आपल्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, २०१७ मध्ये नियम आले. मुलानं कलाकार म्हणून काम करायचं तर दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि त्याच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. असे नियम करावे लागले याचा अर्थ धोका खरा आहे.

पण हे मत देणाऱ्यांना एक विचारावंसं वाटतं. सकाळी भाकऱ्या थापून, धाकट्या भावाला जेवू घालून शाळेत जाणारी दहा वर्षांची मुलगी आपल्या किती गावांत आहे? तिच्या बालपणाबद्दल असा गहिवर कधी येतो का? तिच्या हातातलं काम 'वळण' आणि स्टुडिओतल्या मुलाच्या हातातलं काम 'अत्याचार', ही वाटणी कुणी केली? टीव्हीवर दिसलं तरच बालपण दिसतं, असं काहीतरी होऊन बसलं आहे.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेऊन थांबू.

पहिली : 'मग हे कार्यक्रम बघूच नयेत का?' बघा की. फक्त मत द्यायचं तर कामावर द्या. मासा तव्याला चिकटला, तर तवा पुरेसा तापला नव्हता की मासा ओला होता, यावर घरात वाद घाला. एका तासात तीन पदार्थ करायला मुलाला कुणी सांगितलं आणि का, यावर घाला. ते मूल रडलं तेव्हा कॅमेरा कोण जवळ घेऊन गेलं, हेही विचारा.

दुसरी चिठ्ठी एका आजींची आहे : 'माझी नात ११ वर्षांची, स्वयंपाक सुरेख करते, स्पर्धेला पाठवू का?' आजी, आम्ही नाही म्हणणार नाही. तिची हौस असेल तर जाऊ द्या. पण अर्जावर सही करण्याआधी विचारून घ्या, चित्रीकरण रोज किती तास, सोबत घरचं कोण राहणार, शाळा बुडाली तर काय, पैसे कुठल्या खात्यात. आणि एक घरातच ठरवा : कार्यक्रम लागल्यावर लोक तिच्याबद्दल जे लिहितील ते कुणी वाचायचं. तिचा फोन तेवढे दिवस तुमच्याकडे राहू द्या.