आवाजाची ओळख आणि गाण्याची पारख

गाण्याच्या बैठकीहून परततांना श्रोत्यांमध्यें जो वाद चालतो, त्याचा आरंभ बहुधा आवाजापासून होतो. एकाला गवयाचा आवाज गोड लागलेला असतो, दुसऱ्याला तो चोरटा वाटलेला असतो, आणि तिसरा 'हा तर हुबेहूब अमक्याचा गळा' असा निकाल देऊन मोकळा होतो. आम्हींही गेलीं तीस वर्षें असेच निकाल दिले आहेत. ते देतांना आपण आवाजाविषयीं बोलत आहों कीं गायकीविषयीं, हा प्रश्न मात्र आम्हीं स्वतःस क्वचितच विचारला.

आवाज निरनिराळे कां लागतात, याचा उलगडा जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यानें १८६३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत केला आहे. एकाच उंचीचा स्वर दोन वाद्यांवर वेगळा वाटतो, तो मुख्यतः त्यांतील उपस्वरांच्या कमीअधिक जोरामुळें. कंठाचेंही तसेंच आहे. स्वरतंतूंपासून निघालेला नाद घसा, तोंड व नाक यांच्या पोकळींतून बाहेर पडतो. तिच्या घडणीप्रमाणें कांहीं उपस्वर उचलले जातात, कांहीं दबतात. ही घडण ज्याची त्याची, म्हणून आवाजही ज्याचा त्याचा. नवजात अर्भक परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षां आईच्या आवाजाकडे अधिक ओढ घेतें, असें १९८० सालीं प्रयोगानें दिसून आलें. तेव्हां आवाज ओळखण्यास रसिकता लागत नाहीं. ती शक्ति पाळण्यांतल्या मुलासही असते.

पण गाण्यांत आपण जें ओळखतों तें एवढेंच असतें काय? येथें कुमार गंधर्वांचें (१९२४–१९९२) उदाहरण बोलकें आहे. बेळगांव जिल्ह्यांतील सुळेभावी गांवीं जन्मलेला हा मुलगा थोर गवयांच्या तबकड्या ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवी. १९३६ सालीं प्रोफेसर बी. आर. देवधर यांनीं मुंबईस जिना हॉलमध्यें भरविलेल्या संगीत परिषदेंत या अकरा-बारा वर्षांच्या मुलानें जाणकारांस थक्क करून सोडलें. त्याच्या गाण्यांत लोकांना कधीं अब्दुल करीमखाँ भेटत, कधीं फैयाजखाँ. आतां पाहा, करीमखाँसाहेबांचा आवाज उंच आणि मुलायम, फैयाजखाँसाहेबांचा खालच्या पट्टीतला आणि भरदार. लहान मुलाचा आंखूड कंठ एकाच वेळीं हे दोन आवाज कोठून आणणार? श्रोत्यांस जें ओळखूं आलें तें दुसरेंच होतें. स्वरावर येण्याची लकब, तेथें ठरण्याची मुदत, शब्दांतील 'आ'कार उघडण्याची रीत, श्वास घेण्याची जागा, समेकडे वळण्याचा डौल, हें सारें त्यांनीं ओळखलें. दुरून येणाऱ्या माणसाचा चेहरा दिसण्याआधीं आपण त्यास चालीवरून ओळखतों, त्यांतलाच हा प्रकार. कर्ण्यापुढें गाऊन ध्वनिमुद्रण होई त्या काळच्या, म्हणजे १९२५ च्या आधींच्या, तबकड्यांत उंच उपस्वर बरेचसे गळून गेलेले आहेत. तरीही जाणता श्रोता त्यांतील गवई ओळखतो, तो बऱ्याच अंशीं या चालीवरूनच.

पुढें याच कुमारांच्या आयुष्यांत उलट प्रसंग आला. १९४७-४८ च्या सुमारास त्यांस क्षयानें गांठलें. देवास येथें कित्येक वर्षें गाणें बंद राहिलें, एक फुप्फुस निकामी झालें. १९५३ च्या सुमारास ते पुनः गाऊं लागले, तेव्हां लांबलचक दमसासाच्या ठिकाणीं लहान लहान तुकडे, अचानक टाकलेला टोकदार स्वर आणि मध्यें सोडलेली निःशब्द जागा असें नवेंच गाणें लोकांपुढें आलें. त्यांतील किती शरीराच्या नाइलाजानें आलें आणि किती प्रतिभेनें निवडलें, हें कोणास कांट्यावर तोलून सांगतां येणार नाहीं. इतकें मात्र खरें कीं, बालपणीं कंठ त्यांचा आणि चाल परक्यांची होती. आजारानंतर चालही सर्वस्वीं त्यांची झाली.

आमची तक्रार आहे ती यापुढची. ज्यांचीं दोन्ही फुप्फुसें धडधाकट आहेत असे कित्येक तरुण गवई तेच तुकडे, तोच झटका आणि तोच विराम घेऊन बैठकी रंगवितात, आणि श्रोते मान डोलावतात. ती मान कशासाठीं डोलते? ओळख पटल्याबद्दल! परिचित चाल कानीं पडली कीं मनास आनंद होतो. पण तो स्मरणाचा आनंद आहे, नव्या निर्मितीचा नव्हे. बालगंधर्वांच्या नकला ऐकून आमच्या वडील पिढीनें हीच गफलत केली होती.

या गफलतींतून आम्ही स्वतः सुटलों आहों असें नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका तरुण गायिकेच्या बैठकीवर लिहितांना आम्हीं तिच्या आवाजास 'अनाकर्षक' म्हटलें होतें. त्या बैठकीचें एका स्नेह्यापाशीं असलेलें ध्वनिमुद्रण अलीकडे ऐकलें. विलंबित ख्यालांतील तिची सावकाश, विचारी बढत ऐकून आम्ही खजील झालों. तिच्या गळ्यानें आम्हांस कोणाचीच आठवण झाली नव्हती, इतकाच काय तो तिचा दोष! जो आवाज कोणासारखा नाहीं तो कानास प्रथम उपराच वाटतो. त्याची संवय होण्यास दोन-चार बैठकी लागतात, आणि आम्हीं त्यास एकही पुरती दिली नव्हती.

म्हणून रसिक वाचकांस विनंति इतकीच कीं, 'हा आवाज कोणासारखा' हा प्रश्न सुचला म्हणजे तो मनांतच ठेवावा आणि या गळ्यानें रागाचें काय केलें तें आधीं पाहावें. टीकाकारानें तर हें पथ्य कडकपणें पाळावें, असें आमचें मत आहे. त्या बाईंनीं पुढें जाहीर बैठकी सोडल्या. आमच्या चार ओळी त्यास कितपत कारण झाल्या, हें त्यांस विचारण्याचें धैर्य आम्हांस अद्याप झालेलें नाहीं.