सूत्रधार कोण असावा?

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर त्याची चिकित्सा करण्याचा वाचकाचा हक्क सर्वमान्य आहे. परंतु जी कलाकृती अद्याप जन्मासही आलेली नाही, तिच्यासाठी हमरीतुमरीवर येणारा रसिकवर्गही जगात आहे. लॉस एंजेलिस येथे १९८१ साली स्थापन झालेल्या मेटॅलिका ह्या रॉक बँडचे चाहते हे त्याचे ठळक उदाहरण होय. नव्या आल्बमची नुसती कुणकुण लागली, की त्याचे ध्वनिमुद्रण कोणत्या निर्मात्याच्या हाती द्यावे, ह्याविषयी त्यांच्यात रणे माजतात. फ्लेमिंग रासमुसेन, बॉब रॉक, रिक रूबिन व ग्रेग फिडेलमन ह्या चार नावांभोवती त्यांचे पक्ष पडले आहेत. वाद परक्या संगीताचा खरा. तथापि कलाकृतीच्या गुणदोषांचा धनी कोण, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न कोणत्याही रसिकाने विचार करावा असाच आहे.

प्रथम ‘निर्माता’ ह्या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. चित्रपटाचा निर्माता भांडवल उभे करतो. आल्बमच्या निर्मात्याचे काम निराळे असते. कोणते गीत ठेवावे व कोणते टाकावे, कोणत्या वाद्याचा आवाज पुढे आणावा, गायकाने तीच ओळ पुन्हा गावी की काय, हे ठरविण्यात त्याचा मोठा वाटा असतो. आपल्या संगीत नाटकाच्या भाषेत बोलावयाचे, तर तालीममास्तर व सूत्रधार ह्या दोन्ही भूमिका त्याच्या ठायी एकवटलेल्या असतात. तो कृतीचा पहिला श्रोता व पहिला टीकाकार होय. आम्हां टीकाकारांचे मत छापून येते तेव्हा कृती हातची गेलेली असते. त्याचे मत मात्र वेळेवर येते.

चाहत्यांच्या वादात असे गृहीत धरलेले दिसते, की आल्बममध्ये जे बिघडले ते निर्मात्याने बिघडविले. वस्तुस्थिती काय सांगते? १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ मध्ये जेसन न्यूस्टेड ह्यांची बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, ही जुनी तक्रार आहे. पण ध्वनिमुद्रण रासमुसेन ह्यांचे असले, तरी निरनिराळ्या वाद्यांचे अंतिम मिश्रण स्टीव्ह थॉम्पसन व मायकेल बार्बिएरो ह्यांनी केले होते, आणि बेस दाबण्याची सूचना बँडचे ड्रमवादक लार्स उलरिक ह्यांचीच होती, असे थॉम्पसन ह्यांनी पुढे उघडपणे सांगितले. २००३ च्या ‘सेंट अँगर’ मधील स्नेअर ड्रम रिकाम्या डब्यासारखा वाजतो, म्हणून बॉब रॉक ह्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. त्यांना दूर करावे असा सह्यांचा अर्जही चाहत्यांनी काढला. परंतु ड्रमखालच्या तारांचा पट्टा सैल सोडून तो तसा वाजविण्याची आवड उलरिक ह्यांची होती, व त्यांनी तिचे समर्थनही केले आहे. २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’ ची कथा ह्याहून निराळी नाही. त्यातील आवाज सर्वत्र इतका चढविलेला, की मंद व तीव्र ह्यांतला भेदच नाहीसा झाला. ह्याचे खापर अखेरचे संस्करण करणारे टेड जेन्सन ह्यांच्या माथी फुटू लागले, तेव्हा आपल्या हाती येण्यापूर्वीच ध्वनी तसा दाबलेला होता, असे त्यांना सांगावे लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार आहे.

हे अज्ञानामुळे घडते, असे आम्हांस वाटत नाही. ज्याच्यावर जीव जडला त्याला दोष देणे मनुष्याच्या जिवावर येते. पंधराव्या वर्षी ज्याच्या संगीताने आपल्याला वेड लावले, तोच आता कंटाळवाणा झाला आहे, हे कबूल करण्यापेक्षा त्याला कोणीतरी बाहेरच्याने बिघडविले, असे म्हणणे सोपे जाते. लेकी बोले सुने लागे ह्या न्यायाने निर्मात्यास दिलेली दूषणे वस्तुतः बँडसाठीच असतात. निर्माता बदलण्याची मागणी म्हणजे, ‘तुम्ही पूर्वीसारखे व्हा’ ही न बोलवणारी विनवणी होय.

मग निर्माता हा केवळ निमित्तमात्र आहे काय? तसेही नाही. १९९१ चा ‘मेटॅलिका’ हा आल्बम ह्याचा पुरावा आहे. बँडने बॉब रॉक ह्यांना प्रथम केवळ मिश्रणासाठी बोलाविले होते; करावयाचे तर संपूर्ण निर्मितीच करीन, असा त्यांनी आग्रह धरला. सर्व वादकांना एकत्र बसवून वाजवावयास लावले, ‘सॅड बट ट्रू’ चे सूर खाली उतरविले, आणि ‘एंटर सँडमन’ चे शब्द याहून चांगले होऊ शकतील, असे गायक जेम्स हेटफील्ड ह्यांना तोंडावर सांगितले. ह्या कामात खटके उडाले, परंतु त्यातून निघालेल्या आल्बमच्या १ कोटी ६० लाखांहून अधिक प्रती एकट्या अमेरिकेत खपल्या. खप ही गुणाची कसोटी नव्हे, हे खरे. पण त्या आल्बमची बांधीव रचना ऐकणाऱ्यास आजही जाणवते. रॉक ह्यांनी बँडला ‘नाही’ म्हटले व बँडने ते ऐकले, ह्यात त्याचे मर्म आहे.

तेच रॉक बारा वर्षांनी असमर्थ का ठरले? न्यूस्टेड २००१ साली बँड सोडून गेले, तेव्हा ‘सेंट अँगर’ मध्ये बेस गिटार स्वतः रॉक ह्यांनीच वाजविली. संस्कृत नाटकातील सूत्रधार प्रस्तावना आटोपून रंगभूमीवरून निघून जातो. येथे सूत्रधारच पात्र झाला. घरचा झालेला मनुष्य घरातील दोष पाहू शकतो, पण बोलू शकत नाही. आल्बमच्या लांबीवरून ही गोष्ट स्पष्ट दिसते. १९८६ च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ मध्ये आठ गीते असून ती सुमारे ५५ मिनिटांत संपतात. १९९६ च्या ‘लोड’ मध्ये चौदा गीते व सुमारे ७९ मिनिटे आहेत. ‘सेंट अँगर’ व ‘डेथ मॅग्नेटिक’ प्रत्येकी सुमारे ७५ मिनिटांचे आहेत. जुन्या तबकडीच्या दोन बाजूंची मर्यादा जाऊन सीडी आली, हे ह्याचे एक कारण होय; परंतु पात्र मोठे झाले म्हणून ते काठोकाठ भरलेच पाहिजे, असा नियम नाही. कात्री चालविणारा कोणी उरला नाही, हे दुसरे व अधिक खरे कारण आहे.

रासमुसेन ह्यांना परत बोलवा म्हणणाऱ्यांचा पक्ष भावनेच्या दृष्टीने सर्वांत बलवान आहे. कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत त्यांनी ‘राइड द लाइटनिंग’ व ‘मास्टर ऑफ पपेट्स’ ही दोन उत्कृष्ट ध्वनिमुद्रणे केली, ह्यात संशय नाही. पण त्या वेळी हेटफील्ड व उलरिक विशीच्या प्रारंभी होते, आणि बेसवादक क्लिफ बर्टन त्यांच्याबरोबर होता. २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये बसच्या अपघातात बर्टनचा अंत झाला. तोच ध्वनिमुद्रक व तीच यंत्रे आणून गेलेला माणूस परत येत नाही व गेलेले वयही येत नाही. रूबिन ह्यांनी हा प्रयोग दुसऱ्या वाटेने करून पाहिलाच होता: १९८६ च्या सुमाराची आपली मनःस्थिती आठवा, असे त्यांनी बँडला सांगितले. ‘डेथ मॅग्नेटिक’ मध्ये त्यामुळे जुना वेग परत आला व लांबलचक एकलवादनेही परतली. पण त्यांच्यामागची निकड मात्र क्वचितच जाणवते.

२०१६ चा ‘हार्डवायर्ड... टू सेल्फ-डिस्ट्रक्ट’ व २०२३ चा ‘७२ सीझन्स’ ह्या दोन आल्बमांची निर्मिती फिडेलमन ह्यांनी हेटफील्ड व उलरिक ह्यांच्यासह केली. दोहोंचा आवाज स्वच्छ आहे, आणि दोन्ही सुमारे ७७ मिनिटांचे आहेत. ज्यांचे काम तपासावयाचे तेच तपासनीसाच्या शेजारी बसले, म्हणजे उत्तरपत्रिकेत लाल शाई थोडी कमी उमटणारच.

तात्पर्य, चाहत्यांचा प्रश्न योग्य आहे, पण तो चुकीच्या रीतीने विचारला जातो. कोणता निर्माता आपल्याला जुना आवाज परत देईल, असे ते विचारतात. साठी उलटलेल्या ह्या यशस्वी पुरुषांना ‘हे गीत टाकून द्या’ असे सांगण्याचे धैर्य कोणात आहे, आणि त्याचे ऐकण्याइतकी भूक त्यांच्यात उरली आहे काय, असे विचारावयास हवे. ह्यांपैकी पहिल्या गोष्टीसाठी माणूस शोधता येईल. दुसरी बाहेरून आणता येत नाही, आणि तिच्यावाचून निर्माता कितीही थोर असला, तरी तो केवळ आवाज स्वच्छ करून देईल.