न तपासलेली पत

आज आपल्याला रियाद सलामे यांच्या कारकिर्दीचा विचार करायचा आहे. १९९३ ते २०२३, अशी सलग तीस वर्षं हे गृहस्थ लेबनॉनच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर होते. आधी मेरिल लिंच कंपनीत नोकरी; तिथून पंतप्रधान रफिक हरिरी यांनी त्यांना या पदावर आणलं. पंधरा वर्षांच्या यादवीतून देश नुकताच बाहेर आलेला, चलनाची दैना झालेली. १९९७ च्या अखेरीस एका डॉलरला सुमारे १,५०७ लिरा हा दर ठरला आणि तो वीसेक वर्षं हलला नाही. २००८ च्या जागतिक संकटातही तिथल्या बँका तरल्या, कारण अमेरिकी घरकर्जांवरचे रोखे घ्यायला सलामे यांनी त्यांना आधीच मज्जाव केला होता. हे श्रेय त्यांचंच. ते नाकारून टीका करणं आम्हाला मान्य नाही.

मग बिघडलं कुठे? दर टिकवायचा तर डॉलर हवेत, आणि देश तर आयातीवर जगणारा. डॉलर यायचे ते मुख्यतः परदेशात राहणाऱ्या लेबनीज माणसांकडून, भरघोस व्याजाच्या ओढीने. बँका ते मध्यवर्ती बँकेत ठेवायच्या, तिथे त्यांना त्याहून जास्त व्याज. त्या पैशातून लिरा सांभाळला जाई आणि सरकारची तूटही भागे. म्हणजे काय, तर जुन्या ठेवींचं व्याज नव्या ठेवींतून! सीरियातलं युद्ध पेटल्यावर आवक मंदावली. २०१६ मध्ये बँकांना आणखी मोठा परतावा देऊन डॉलर ओढले गेले. त्याला भारदस्त नाव मिळालं, 'आर्थिक अभियांत्रिकी'. ऑक्टोबर २०१९ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, बँकांनी ठेवी अडवल्या. मार्च २०२० मध्ये देशाने इतिहासात प्रथमच कर्जाचा हप्ता चुकवला. पुढे लिराचं ९८ टक्क्यांहून अधिक मूल्य गेलं.

सलामे यांच्यावर अपहाराचे आरोप आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांना अटक झाली, वर्षभराने जामीन मिळाला. आरोप ते नाकारतात, आणि तो निवाडा न्यायालयाचा. पण सगळी चर्चा तेवढ्यावरच थांबते, हे आम्हाला खटकतं. समजा, उद्या ते निर्दोष सुटले. म्हणून ठेवीदाराचा पैसा परत येणार आहे का?

आमच्या मते खरा दोष उजेडात घडला, आणि त्याला टाळ्या मिळाल्या. बँकेने आपला तोटा तोटा म्हणून मांडलाच नाही. भविष्यात मिळणाऱ्या उत्पन्नाच्या नावाखाली तो ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला नेऊन ठेवला. सलामे यांचा बचाव असा, की पैसा खर्च केला तो राजकारण्यांनी. बँकेने फक्त पुरवला. त्यात तथ्य आहे, बरं का! त्या सरकारांनी सुधारणा केल्या नाहीत हे खरंच. पण कांटने १७९५ मध्ये एक साधी कसोटी सांगितली: दुसऱ्याच्या हक्काला स्पर्श करणारं जे तत्त्व जाहीर करताच कोसळतं, ते अन्याय्य. 'तुमचे डॉलर आधीच खर्च झाले आहेत' असं गव्हर्नरांनी २०१६ मध्ये सांगितलं असतं, तर एक तरी नवी ठेव आली असती का? नसती. म्हणजे ती योजना लोकांच्या अज्ञानावरच उभी होती.

मराठीत 'पत' हा शब्द फार नेमका आहे. तो अब्रूलाही लागतो आणि उधारीलाही. मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर दुसऱ्यांची पत सांभाळतो, म्हणून त्याला स्वातंत्र्य द्यावं लागतं. पण स्वातंत्र्य आणि हिशेबातून सुटका, या दोन गोष्टी एक नव्हेत. विश्वास हा तपासणीला तयार असतो; तपासणी नको म्हणतो तो विश्वास नव्हे, ती श्रद्धा. सलामे यांना पुरस्कार देणाऱ्यांनी, सरकारांनी, बँकांनी तीस वर्षं ही श्रद्धाच जोपासली, कारण ती सगळ्यांच्या सोयीची होती.

२०२२ मध्ये बैरूतमध्ये एक बाई खेळण्यातलं पिस्तूल घेऊन बँकेत शिरली आणि स्वतःच्याच खात्यातले पैसे घेऊन गेली. कायदा तिला गुन्हेगार म्हणेल. तिला तिथवर आणणारा ताळेबंद मात्र वर्षानुवर्षं रीतसर सही-शिक्क्यानिशी मंजूर होत होता. टीका करायची ती आधी त्या मंजुरीवर.