बोलके प्राणी आणि मुकी माणसं

ज्या वाङ्मयात सिंहाला राजनीती कळते, बैल सुभाषिते म्हणतो, उंदीर मैत्रीची लक्षणे सांगतो आणि कावळ्याघुबडांची युद्धे मंत्र्यांच्या सल्ल्याने लढली जातात, त्या वाङ्मयात चांडाळाच्या तोंडी किती वाक्ये आली आहेत, हे कोणी मोजले आहे काय? बाबासाहेबांनी १९२० साली आपल्या पाक्षिकाला 'मूकनायक' हे नाव दिले. कथेत मुंगीलाही वाचा आणि गावकुसाबाहेर कोट्यवधी माणसे मुकी, ही या समाजाची अवस्था त्या एका नावात आली आहे. आपल्या प्रस्थापित समीक्षेने मात्र प्राणिकथांना बालवाङ्मयाच्या कप्प्यात टाकले, 'निरागस' असा शिक्का मारला आणि हात झटकले. माझे म्हणणे असे की, निरागस म्हणवणाऱ्या वाङ्मयाकडेच अधिक संशयाने पाहिले पाहिजे. ते आपल्या डोक्यात अक्षरओळखीच्याही आधी शिरलेले असते.

एकाच कथाविश्वात माणूस आणि प्राणी दोघेही बोलू लागतात, तेव्हा त्यांचे एकत्र नांदणे कोणत्या अटींवर ठरते? कोणाचे बोलणे बोलणे म्हणून ऐकले जाते, आणि कोणाचे बोलणे त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणून वापरले जाते? या लेखात मी एवढेच तपासणार आहे. ऑर्वेलच्या १९४५ सालच्या 'ॲनिमल फार्म'कडे मी वळत नाही. तिथले प्राणी राजकीय सोंगे आहेत आणि त्यांच्यावर पुष्कळ लिहून झाले आहे.

मोजपट्टी म्हणून मी सुत्तनिपातातले वासेट्ठसुत्त घेतो. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांत वाद होतो : ब्राह्मण जन्माने ठरतो की कर्माने? ते बुद्धाकडे जातात. बुद्ध गवतापासून आणि झाडांपासून सुरुवात करतो. मग किडेमुंग्या, चतुष्पाद, सरपटणारे, मासे, पक्षी. या सगळ्यांत जातीजातीची वेगवेगळी शारीरिक चिन्हे दिसतात, असे तो सांगतो. माणसात मात्र तसे चिन्ह नाही. केसात नाही, डोळ्यांत नाही, रंगात नाही, आवाजात नाही. माणसामाणसांतला भेद हा केवळ नावाचा, व्यवहाराचा भेद आहे. आपल्या भाषेत 'जात' या एका शब्दात प्राण्याची जात आणि माणसाची जात दोन्ही कोंबलेल्या आहेत. बुद्धाने तो गुंता अडीच हजार वर्षांपूर्वी सोडवला. पंचतंत्राने तो पुन्हा घट्ट बांधला.

कसा, ते पाहा. पंचतंत्राच्या चौथ्या तंत्रात युधिष्ठिर नावाचा एक कुंभार येतो. दारूच्या नशेत खापरावर पडून त्याच्या कपाळाला खोक पडते. पुढे दुष्काळात तो परदेशी जातो. तिथला राजा कपाळावरचा व्रण पाहून त्याला शूर योद्धा समजतो आणि सन्मानाने ठेवतो. लढाईची वेळ आल्यावर राजा विचारतो, हा घाव कोणत्या युद्धातला? कुंभार खरे सांगून टाकतो. 'मला लढायला पाठवा, माझे हात तर बघा' ही त्याची विनवणी राजा ऐकत नाही. उलट एक प्राणिकथा ऐकवतो : सिंहिणीने आपल्या छाव्यांबरोबर दूध पाजून वाढवलेल्या कोल्ह्याच्या पिलाची. हत्ती दिसताच ते पिलू पळते. सिंहीण त्याला म्हणते, तू देखणा आहेस, शूर आहेस, पण ज्या कुळात तू जन्मलास तिथे हत्ती मारला जात नाही. माझ्या मुलांना कळण्याआधी निघून जा. राजाही कुंभाराला तेच सांगतो.

इथे माणूस आणि बोलका प्राणी यांचे नाते अगदी उघडे पडते. कुंभार आणि राजपूत यांच्यात निसर्गाने काही अंतर ठेवलेले नाही, म्हणून कोल्हा आणि सिंह यांच्यातले अंतर उसने आणावे लागते. प्राणी बोलतो तो माणसाला गप्प करण्यासाठी. कुंभार एकदा रणांगणात उतरला असता तर प्रश्न अनुभवाने सुटला असता. पण अनुभवाच्या जागी गोष्ट आली आणि गोष्टीत निकाल आधीच लागलेला होता. विष्णुशर्म्याचे विद्यार्थी राजपुत्र होते हे लक्षात ठेवले म्हणजे या शिक्षणाचा हेतू वेगळा सांगावा लागत नाही.

निळ्या कोल्ह्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि आपल्याला अधिक टोचणारी. रंगसुद्धा पाहा कोणता! कुत्र्यांच्या भीतीने परटाच्या घरातल्या निळीच्या भांड्यात पडलेला कोल्हा निळा होऊन बाहेर येतो. ब्रह्मदेवाने मला राजा नेमले आहे असे सांगून तो सिंहवाघांवर राज्य करतो. एके रात्री दूरचे कोल्हे ओरडतात, तोही ओरडतो, आणि ओळख पटताच मारला जातो. शाळेत ही गोष्ट शिकवताना आमच्या एका गुरुजींनी 'शेवटी जात दाखवलीच' असे म्हणून आमच्या बाकाकडे पाहिले होते. या गोष्टीचा उपयोग गावोगाव असाच होत आला आहे. शिकलेल्या, नोकरी मिळवलेल्या, चांगले कपडे घातलेल्या आपल्या माणसाला पाहून हीच गोष्ट कुजबुजली जाते.

पुढे मी स्वतः ही गोष्ट वर्गात शिकवली तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, पण त्याने राज्य वाईट केलं होतं का?" मूळ संस्कृत पाठ काढून पाहिला. सिंहवाघांनी आणलेली शिकार तो राजधर्माप्रमाणे सगळ्यांना वाटून देत असे, असे तिथे स्पष्ट आहे. त्याच्या कारभाराविरुद्ध कोणाची तक्रार नाही. त्याचा मृत्युदंड कारभारासाठी नाही, आवाजासाठी आहे.

त्या पाठात आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या मुलांच्या पुस्तकांतून बहुतेक गळतात. पहिली अशी की, राजा झाल्यावर हा कोल्हा सगळ्या कोल्ह्यांना मान धरून हाकलून देतो. कथेला लावलेले तात्पर्यही हेच आहे : आपल्यांना दूर करून परक्यांना जवळ करतो त्याचा नाश होतो. हे तात्पर्य सांगणारा दमनक स्वतः कोल्हा आहे, सिंहाच्या दरबारातला कारस्थानी आहे आणि संजीवक बैलाचा काटा काढण्यासाठी ते सांगतो आहे, हे खरे. तरी ते आपण सरळ उडवून लावू नये. १९५६ साली आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी जी व्यथा बोलून दाखवली ती याच जागेवरची होती. वरच्या जागेवर बसून आपल्या वस्तीचा रस्ता विसरणारे आपल्यात आहेत आणि त्यांना ही गोष्ट ऐकवायला माझी हरकत नाही. फक्त ती आपण ऐकवायची, गुरुजींनी नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. दूरच्या कोल्ह्यांचा आवाज ऐकून त्याच्या अंगावर रोमांच उभे राहतात, डोळे आनंदाश्रूंनी भरतात आणि मग तो ओरडतो. म्हणजे ती चूक नाही, सवय नाही, फजिती नाही. इतक्या दिवसांत त्याने काढलेला तो पहिला खरा आवाज आहे. पंचतंत्रकाराला हे दिसले, त्याने ते लिहिले आणि लगेच सिंहांना त्याच्यावर सोडले.

या कोल्ह्याच्या बाजूने ही गोष्ट मराठीत सांगितली ती बाबुराव बागुलांनी. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा. शीर्षककथेतला नायक गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर जातो, जात लपवून सवर्णाच्या घरी भाड्याने राहतो. त्याच्या बोलण्यावर आणि ज्ञानावर माणसे भाळतात, आणि जात उघड होताच तीच माणसे त्याच्यावर तुटून पडतात. बागुलांनी पंचतंत्र समोर ठेवून ही कथा लिहिली असे मला म्हणायचे नाही. पण कथेचा सांगाडा तोच आहे, आणि फरक एका पात्रात आहे : काशीनाथ. हा आपली जात लपवत नाही, ताठ मानेने वावरतो आणि मार खाणाऱ्या नायकाला सोडवतो. निळ्या कोल्ह्याच्या कथेत दूरवर ओरडणारे कोल्हे दूरच राहतात. बागुलांच्या कथेत त्यांच्यातला एक धावत येतो.

आता किपलिंगकडे वळतो. १८६५ साली मुंबईत जन्मलेल्या या साम्राज्यवादी लेखकाने १८९४ च्या 'जंगल बुक'मध्ये सिवनीच्या जंगलात एक माणसाचे पोर लांडग्यांत वाढवले. दूरदर्शनवर १९९० च्या दशकात मोगली घरोघर पोचला, त्यामुळे ही कथा सर्वांना ठाऊक आहे. या जंगलात माणूस आणि प्राणी एका कायद्याखाली नांदतात. बाळू अस्वल मोगलीला निरनिराळ्या प्राण्यांच्या भाषेतले परवलीचे शब्द शिकवतो, ज्यांचा अर्थ आपण एकाच रक्ताचे आहोत असा आहे. शिकारी प्राण्यांसाठी शब्द आहे, पक्ष्यांसाठी आहे, सापांसाठीही आहे. माकडांसाठी, बंदरलोकांसाठी, शब्द नाही.

का नाही, याचे बाळू देतो ते स्पष्टीकरण वाचताना मी थबकलो. माकडांना कायदा नाही, ते जातिबाह्य आहेत, त्यांना स्वतःची भाषा नाही, दुसऱ्यांचे ऐकलेले चोरलेले शब्द ते वापरतात. म्हणून माकडे जिथे पाणी पितात तिथे जंगलातले प्राणी पाणी पीत नाहीत, ती जातात तिथे जात नाहीत, ती मरतात तिथे मरत नाहीत. पाणी, रस्ता, मसणवट! कोणत्याही महारवाड्यातल्या म्हाताऱ्याने ही यादी डोळे मिटून पुरी केली असती. आणि मोगलीचा अपराध काय? बाळूने मारल्यावर तो रडत बसला होता, तेव्हा माकडांनी त्याला फळे आणि गोड खाऊ दिला, भाऊ म्हटले. रोटीव्यवहार झाला म्हणून अस्वल संतापते आणि बगीराला लाज वाटते.

गंमत अशी की हाच मोगली गावात येतो तेव्हा किपलिंगला माणसांची जात हास्यास्पद वाटते. कुंभाराचे गाढव खड्ड्यात पडते, मोगली त्याला शेपटीने ओढून काढतो, कुंभाराची मडकी रचू लागतो. पुजारी रागावतो तर त्यालाच गाढवावर बसवीन म्हणतो. त्या पानावर मी मनापासून हसलो. पण गावाच्या वेशीवर ज्या जातीची किपलिंग टिंगल करतो, तीच त्याने जंगलात कायदा म्हणून बसवली आहे. प्राण्याच्या तोंडी घातली की तीच गोष्ट निसर्गनियम वाटू लागते. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले त्यामागचा बाबासाहेबांचा युक्तिवाद आठवावा : गुराढोरांना, पशुपक्ष्यांना, इतकेच काय अस्पृश्यांच्या जनावरांनाही जे पाणी खुले आहे ते अस्पृश्य माणसाला बंद आहे. प्रत्यक्षात प्राणी वाटेल तिथे पाणी पितो. पाण्यावर शिवाशिव पाळणारा प्राणी फक्त पुस्तकात सापडतो.

चोरलेल्या भाषेच्या आरोपाबद्दल थोडेसे. दलित लेखक शुद्ध लिहू लागला की त्याची भाषा उसनी ठरते आणि वस्तीची भाषा लिहू लागला की शिवराळ ठरते. बंदरलोक आणि निळा कोल्हा हे दोन्ही आरोप आपल्या वाट्याला एकाच वेळी आले आहेत.

माणूस आणि बोलका प्राणी यांचा समोरासमोर वाद झालेला पाहायचा तर वाल्मीकी रामायणाचे किष्किंधाकांड वाचावे. हनुमान प्रथम भेटतो तेव्हा राम त्याच्या भाषेची तोंडभरून स्तुती करतो. वेद आणि व्याकरण शिकल्याशिवाय असे बोलता येणार नाही, म्हणतो. पुढे लपून मारलेल्या बाणाने पडलेला वाली विचारतो : मी फळेमुळे खाणारा वानर, माझे कातडे तुमच्या उपयोगाचे नाही, मांस तुम्हाला वर्ज्य, मग मला का मारलेस? रामाच्या उत्तरात दोन युक्तिवाद आहेत. तू भावाची बायको ठेवलीस, हा धर्मभंग आहे, म्हणून दंड. आणि तू शाखामृग आहेस, मृगाला लपून मारण्यात दोष नसतो. कायद्याला वाली माणूस आहे, बाणाला तो जनावर आहे. 'रिडल्स'मध्ये बाबासाहेबांनी वालिवधावर कठोर लिहिले आहे; त्यात मला एवढीच भर घालायची आहे की एका माणसाला दोन्ही बाजूंनी धरण्याची ही युक्ती आपल्या चांगल्या ओळखीची आहे. कर्तव्ये माणसाची, हक्क जनावराचे.

जातककथांत सगळे निर्मळ आहे असा दावा मी करणार नाही. तो करणारे आपल्यात आहेत आणि त्यांनी सिगाल जातक वाचावे. तिथे सिंहकन्येला मागणी घालणारा कोल्हा चतुष्पादांत हीन आणि चांडाळासारखा म्हटला गेला आहे. वासेट्ठसुत्ताचा बुद्ध त्या कथेत दिसत नाही. लोककथेचा जुना साठा जसाच्या तसा उचललेला दिसतो.

पण निग्रोधमिग जातक वेगळे आहे. वाराणसीच्या राजाच्या उद्यानात हरणांचे दोन कळप कोंडलेले आहेत. रोज एका कळपातल्या एकाने पाळीने मरायचे असे ठरले आहे. पाळी एका गाभण हरिणीवर येते. तिच्या कळपाचा नायक पाळी बदलून द्यायला नकार देतो. दुसऱ्या कळपाचा नायक निग्रोध, ज्याला राजाने स्वतः अभय दिले आहे, तो तिच्या जागी येऊन मान ओंडक्यावर ठेवतो. राजा धावत येतो, विचारतो, ऐकतो. तुला आणि तिला अभय, म्हणतो. निग्रोध तेवढ्यावर उठत नाही. बाकीच्या हरणांचे काय? त्यांनाही अभय. उद्यानाबाहेरच्या हरणांचे? इतर चतुष्पादांचे? पक्ष्यांचे? पाण्यातल्या माशांचे? प्रत्येक उत्तरानंतर पुढचा प्रश्न तयार आहे. स्वतःची सुटका पदरात पडल्यावर वाटाघाट चालू ठेवणारा पुढारी मी प्राणिकथांत दुसरा पाहिलेला नाही.

आणि कथा तिथे संपतही नाही. अभय मिळालेली हरणे शेतात शिरून पिके खाऊ लागतात. शेतकरी राजाकडे गाऱ्हाणे घेऊन येतात. राजा म्हणतो, राज्य गेले तरी दिलेला शब्द मी मोडणार नाही. हे निग्रोधाच्या कानावर जाते. तो हरणांना एकत्र बोलावून इतरांची पिके खायची नाहीत असे बजावतो आणि शेतकऱ्यांना निरोप पाठवतो : यापुढे कुंपणे घालू नका, शेताच्या कडेला खूण म्हणून नुसती पाने बांधा.