आईजवळची कबुली

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे रॉकगीत १९७५ सालचे. त्यात एक तरुण खुनाची कबुली देतो. देवाजवळ नव्हे, आईजवळ. पुढे समूहस्वरांत ‘याला सोडावे की नाही’ असा झगडा रंगतो. अर्थ सांगण्याचे खुद्द गीतकाराने टाळले. शेवटची शांतता पुष्कळांना मुक्ती वाटते. मला तसे वाटत नाही. आमच्या सदरमधल्या कॅथलिक चर्चात पापनिवेदन करणाऱ्याला धर्मगुरूकडून क्षमेचे शब्द मिळतात. तुकोबा स्वतःला पतित म्हणवतात, पण विठाईचे दार सोडीत नाहीत. या गीतातली आई मात्र अखेरपर्यंत बोलत नाही, आणि मुलगा थकून सारेच झटकून टाकतो. ही मुक्ती नव्हे, क्षमेवाचून आलेली ग्लानी आहे. म्हणूनच, वाचकहो, हे गीत जिवाला चटका लावते.