अपुरा प्रबंध, उपनगर आणि एक खून

संशोधनपर नियतकालिकात रहस्यकथेवर लिहावे काय, असा प्रश्न काही प्राध्यापक मित्रांना पडेल. उर्दूच्या अध्यापकाला तो फारसा पडू नये. इब्ने सफी यांची ‘जासूसी दुनिया’ अलाहाबादहून १९५२ साली निघू लागली, आणि कॅप्टन हमीदच्या खोड्यांवर हसत हसत उर्दू वाचायला शिकलेली एक पिढी आपण पाहिली आहे. रहस्य आणि तंज-ओ-मिजाह एकाच पानावर सुखाने नांदतात, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. मात्र ‘जासूसी दुनिया’त विनोद हा बहुधा नायकाच्या साथीदाराकडे असतो आणि तपास नायकाकडे. ज्या कादंबरीविषयी येथे लिहीत आहे तिच्यात ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे आहेत, आणि ती व्यक्ती दोन मुलांची आई असलेली एक गृहिणी आहे.

सुझन आयझॅक्स या अमेरिकन लेखिकेची ‘कॉम्प्रोमाइझिंग पोझिशन्स’ ही पहिली कादंबरी १९७८ साली प्रसिद्ध झाली. शीर्षकाचा अर्थ ‘अडचणीत आणणाऱ्या अवस्था’ असा घेता येईल. त्यातला चावटपणा मराठीत नीट उतरत नाही. न्यूयॉर्क शहराला लागून असलेल्या लाँग आयलंडवर शोरहेवन नावाचे एक काल्पनिक उपनगर आहे. तेथील दातांचा एक प्रतिष्ठित डॉक्टर, ब्रूस फ्लेकस्टाइन, आपल्याच दवाखान्यात मारला जातो. हा गृहस्थ हिरड्यांबरोबर इतर उद्योगही करीत होता. उपनगरातल्या विवाहित स्त्रियांना नादी लावून तो त्यांची अश्लील छायाचित्रे काढून ठेवत असे. गावातील निम्मी घरे त्यामुळे धास्तावलेली आहेत. पोलीस चौकशी करतात, पण त्यांच्याशी कोणी मोकळेपणाने बोलत नाही. ज्युडिथ सिंगरशी मात्र सगळ्या बोलतात.

ही पार्श्वभूमी थोडी समजून घेणे आवश्यक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लाँग आयलंडवर घरांच्या वसाहतीच्या वसाहती उभ्या राहिल्या. लेव्हिटटाउन ही त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. १९४७ ते १९५१ या काळात तेथे सतरा हजारांहून अधिक जवळजवळ एकसारखी घरे बांधली गेली, आणि कृष्णवर्णीयांना ती मिळू नयेत अशी अटही करारात होती. सकाळच्या गाडीने पुरुष मॅनहॅटनला जातात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. दिवसाचे उपनगर हे बायकामुलांचे. बेटी फ्रीडन यांनी १९६३ साली ‘द फेमिनिन मिस्टिक’ लिहिले ते याच शिकलेल्या, सुखवस्तू आणि आतून कोमेजलेल्या स्त्रियांविषयी. आयझॅक्स यांनी पंधरा वर्षांनी त्याच स्त्रीच्या हाती एक खुनाचे प्रकरण दिले.

ज्युडिथविषयीची एक गोष्ट समीक्षकांनी जितकी लक्षात घ्यायला हवी तितकी घेतली जात नाही असे मला वाटते. ती इतिहासाची संशोधक आहे, निदान होती. डॉक्टरेटचा प्रबंध तिने लग्न आणि मुलांमुळे अर्धवट सोडला आहे. कादंबरी तिच्याच तोंडून, प्रथमपुरुषी निवेदनात सांगितली जाते, आणि ती स्वतःच्या या अपुरेपणाची थट्टा करते. वाचक हसतो आणि पुढे जातो. पण तिचा तपास कसा चालतो ते पाहावे. फोन, कॉफी, ओळखीतून काढलेली ओळख ही तिची साधने आहेत. तिच्याकडे ठसे नाहीत, प्रयोगशाळा नाही, कोणाला बोलावून घेण्याचा अधिकार नाही. तिच्याकडे येतात त्या ऐकीव गोष्टी. त्या ऐकताना ती जे प्रश्न मनात विचारते, ते इतिहासाच्या विद्यार्थ्याचे आहेत. हे कोणी सांगितले? तिला ते कसे कळले? ते सांगण्यात तिचा काय फायदा? दोन हकिगतींत तारखेचा मेळ बसतो काय? आपण तजकिरे शिकवताना विद्यार्थ्यांना सांगतो की रिवायत हाती आली की आधी रावी पाहा. ज्युडिथ तेच करते, फक्त तिचे रावी शेजारणी आहेत.

म्हणून या कादंबरीतील विनोद हा रहस्यावर वरून टाकलेला मसाला नाही. तो तपासाचे हत्यार आहे. स्वतःवर हसणाऱ्या बाईसमोर दुसरी बाई सैलावते. पोलिसाच्या वहीसमोर जिची दातखीळ बसते, ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून अर्ध्या तासात सगळे सांगून टाकते. ज्युडिथचा पती बॉब हा जनसंपर्क व्यवसायातला. लोकांशी कसे बोलावे हे शिकवून पोट भरणारा. त्याला बायकोचे हे बोलणे म्हणजे नसती उठाठेव वाटते. हा टोमणा लेखिकेने कोठेही उलगडून सांगितलेला नाही, आणि तेच बरे झाले. ज्युडिथची मैत्रीण नॅन्सी तर प्रत्येक माहितीवर असे काही शेरे मारते की वाईट माणसाविषयीही दया वाटावी.

अगाथा ख्रिस्ती यांच्या मिस मार्पल १९३० पासून पुस्तकांत वावरत आहेत; त्यांचीही पद्धत गावगप्पांचीच. परंतु मार्पलबाई वृद्ध, अविवाहित आणि बाजूला बसून पाहणाऱ्या आहेत. त्यांना गमावण्यासारखे काही नाही. ज्युडिथ ज्या जगाचा तपास करते त्याच जगात तिला संध्याकाळी सातला जेवण वाढायचे आहे. प्रत्येक उत्तर तिच्या स्वतःच्या घराविषयीही काही सांगते. या ताणामुळे विनोदाला धार येते.

आता दोषांकडे वळतो. छायाचित्रांत अडकलेल्या स्त्रिया कादंबरीत बहुतांशी हसण्यापुरत्या येतात. एक गर्विष्ठ, एक बावळट, एक अतिनीटनेटकी, अशा त्या ठसठशीत रंगवलेल्या आहेत, पण त्या रात्री झोपतात कशा, हे आपल्याला कळत नाही. मी दोन वेळा ही कादंबरी वाचली. पहिल्यांदा पोट धरून हसलो. मधल्या काळात आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीचे शिक्षण मोबाइलमधल्या एका छायाचित्रापायी थांबले. तिने कोणाकडेही तक्रार केली नाही. फक्त वर्गात येणे बंद केले, आणि आम्हा शिक्षकांना कारण कळले ते सहा महिन्यांनी, तेही गप्पांतून. दुसऱ्या वाचनात त्याच पानांवर हसू आले नाही. आयझॅक्स यांना गप्पांची ताकद कळली आहे, तीच गप्पा ज्या बाईविषयी चालते तिचे काय होते याकडे मात्र त्या पुरेसे पाहत नाहीत. १९७८ च्या विनोदी कादंबरीकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही, कारण ज्युडिथइतकी चाणाक्ष निवेदिका हे पाहू शकली असती.

दुसरा दोष पोलीस अधिकारी नेल्सन शार्प याच्या संबंधातला. तपासाच्या ओघात ज्युडिथ आणि तो एकमेकांत गुंततात. आक्षेप केवळ नीतीचा नाही. ज्या वर्तनाबद्दल ती इतर बायकांना हसत आली, त्याच वर्तनात ती स्वतः शिरते, तेव्हा निवेदनाचा सूर बदलायला हवा होता. तो बदलत नाही. इतरांच्या बाबतीत जो चावटपणा होता तो तिच्या बाबतीत प्रेम होतो. शिवाय तिने एकटीने मिळवलेल्या ज्ञानाला शेवटी एका वर्दीतल्या पुरुषाची मान्यता लागते, असा ठसा उमटतो. खुनी कोण, हे येथे सांगत नाही. ती उकल ठीक आहे, ग्रेट नाही.

या कादंबरीवर १९८५ साली फ्रँक पेरी यांनी चित्रपट काढला. सुझन सॅरंडन ज्युडिथ झाली, पटकथा खुद्द आयझॅक्स यांची. त्यात एक बदल आहे जो किरकोळ वाटतो आणि तसा नाही. चित्रपटातली ज्युडिथ पूर्वाश्रमीची पत्रकार आहे. पडद्यावर पत्रकार सोपी; तिने प्रश्न विचारले की प्रेक्षकाला कारण सांगावे लागत नाही. परंतु त्यामुळे अपुरा प्रबंध गेला, आणि त्याबरोबर कादंबरीचा मूळ विनोदही गेला. तो असा की, विद्यापीठाला जिची गरज उरली नव्हती तिचे प्रशिक्षण हिरड्यांच्या डॉक्टरच्या खुनात उपयोगी पडले.

माझ्याबरोबर उर्दूत एम.ए. झालेल्या तिघीजणींनी पीएच.डी.साठी नोंदणी केली होती. एकीची रूपरेषा मंजूरही झाली होती. तिने जमवलेली जुन्या मुशायऱ्यांची टिपणे अजून एका ट्रंकेत आहेत, आणि तिच्या मोहल्ल्यात कोणाच्या आजोबांनी कोठे गजल वाचली हे विचारायचे असेल तर लोक तिच्याकडेच जातात. ज्युडिथ सिंगर वाचताना मला ती आठवते. म्हणून या कादंबरीचे हलकेफुलकेपण मला कधी पूर्ण हलके वाटले नाही.

तेवीस वर्षांनी, २००१ साली, आयझॅक्स यांनी ‘लाँग टाइम नो सी’ मध्ये ज्युडिथला परत आणले. आता मुले मोठी झाली आहेत. बॉब न्यूयॉर्कची मॅरेथॉन चार तास बारा मिनिटांत पुरी करून त्यानंतर अर्ध्या दिवसात वारला आहे. नवे प्रकरण एका बेपत्ता गृहिणीचे आहे, आणि ते पहिल्यापेक्षा अधिक कौशल्याने गुंफलेले आहे. ज्युडिथ आता एका महाविद्यालयात इतिहास शिकवते, तिला डॉक्टरेट मिळालेली आहे. ती कशी मिळाली, कोणत्या वर्षी तिने ती जुनी टिपणे बाहेर काढली, घरात कोण काय म्हणाले, हे सारे दोन पुस्तकांच्या मधल्या जागेत घडून गेले आहे. लेखिकेने ते एका वाक्यात उरकले. मला त्या दोन्ही खुनांपेक्षा ते अधिक वाचायचे होते.