संडरलंड का बुडालं, हे त्या मालिकेला खरंच कळलंय का?

पेटच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या दोघी ज्युनिअर्स मागच्या आठवड्यात विचारत होत्या, "ताई, रिसर्च मेथडॉलॉजीसाठी काय वाचू?" पुस्तकाचं नाव सांगितलंच, पण सोबत एक गृहपाठही दिला. नेटफ्लिक्सवरची ‘संडरलंड टिल आय डाय’ ही मालिका बघा आणि बघताना वही जवळ ठेवा. दोघींना वाटलं मी गंमत करतेय. फुटबॉलचा आणि बॉटनीतल्या पीएचडीचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो मला माझ्याच एका फजितीमुळे कळला. ती शेवटी सांगते. आधी मालिकेबद्दल, कारण मला ती मनापासून आवडते आणि तिच्यावर माझा मोठा आक्षेपही आहे.

ज्यांना फुटबॉलचं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. संडरलंड हे इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं शहर, एकेकाळी जहाजबांधणी आणि कोळशावर जगणारं. तिथल्या जहाजांच्या गोद्या ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बंद पडल्या, मंकवेअरमथची कोळसा खाण १९९३ मध्ये. त्याच खाणीच्या जागेवर १९९७ मध्ये क्लबचं ‘स्टेडियम ऑफ लाइट’ हे सुमारे ४९ हजार प्रेक्षकांचं मैदान उभं राहिलं. संडरलंडचा संघ सलग दहा हंगाम प्रीमियर लीगमध्ये खेळला आणि २०१६-१७ मध्ये अवघ्या २४ गुणांसह तळाला जाऊन खालच्या चॅम्पियनशिपमध्ये घसरला.

मालिकेचा कॅमेरा आत शिरतो तो इथे. बनवणारी कंपनी फुलवेल ७३. तिच्या संस्थापकांमध्ये याच क्लबचे चाहते आहेत. नावातलं ‘फुलवेल’ क्लबच्या जुन्या मैदानातल्या एका स्टँडवरून आलंय, आणि ‘७३’ म्हणजे एफए कप जिंकल्याचं साल. अपेक्षा होती पुनरागमनाची कथा टिपण्याची. प्रत्यक्षात संघ २०१७-१८ मध्ये चॅम्पियनशिपमध्येही शेवटचा आला, ४६ सामन्यांत फक्त ७ विजय, आणि थेट तिसऱ्या पायरीवर, लीग वनमध्ये कोसळला. त्या दरम्यान एक काळ असा होता की घरच्या मैदानावर तब्बल ३६४ दिवस संघाला एकही सामना जिंकता आला नव्हता.

आता कल्पना करा, हे सगळं घडत असताना कॅमेरा चालू आहे.

चित्रीकरण आधी, संकलन नंतर

मालिकेचं मोठं बळ हेच आहे. शेवट काय होणार हे माहीत नसताना माणसं बोलताहेत. ऑगस्टमधला चाहता ऑगस्टमधल्याच आशेने बोलतो. क्लबच्या स्वयंपाकघरातल्या बाईंना आपली नोकरी राहील का हे ठाऊक नाही. संशोधनाच्या भाषेत ही माहिती ‘प्रॉस्पेक्टिव्ह’ आहे, म्हणजे निकाल लागण्याआधी गोळा केलेली. नंतर मुलाखती घेतल्या असत्या तर प्रत्येकाने "मला तेव्हाच कळलं होतं" असंच सांगितलं असतं. बैल गेल्यावर झोपा करणारे आपण सगळेच.

पण आणि इथेच माझा आक्षेप आहे. चित्रीकरण निकालाआधी झालं असलं तरी संकलन निकालानंतर झालं. शेकडो तासांतून आठ भाग कापताना कापणाऱ्याला शेवट ठाऊक होता. त्यामुळे कुणाचं बोलणं ठेवायचं, कोणत्या चेहऱ्यावर रेंगाळायचं, कुठे संगीत उदास करायचं, हे सगळं त्या शेवटाच्या दिशेने झुकतं. कच्चा डेटा प्रामाणिक आहे, पण आपल्यापर्यंत येतो तो निवडलेला डेटा. बघताना हा फरक अजिबात जाणवत नाही, कारण पडद्यावरचा प्रत्येक क्षण खरा असतो.

ही निवड कुठे कुठे भोवते, ते बघू.

जो समोर बसला तो लक्षात राहिला

पहिलं पर्व बघून उठल्यावर दोषी म्हणून कोण आठवतं? मुख्य कार्यकारी अधिकारी मार्टिन बेन. कारण तो सतत समोर आहे: मीटिंगमध्ये, गाडीत, खर्चकपातीची कारणं देताना. ज्याने पैसे ओतणं थांबवलं तो मालक एलिस शॉर्ट मुलाखतीला बसतच नाही. जॅक रॉडवेलला आठवड्याला सुमारे ७० हजार पौंड मिळतात असं तेव्हा छापून येत होतं आणि संघ घसरला तरी पगार कमी होईल अशी अट त्याच्या करारात नव्हती. हा करार बेन येण्याच्या आधीचा, २०१४ चा. म्हणजे ज्या निर्णयांचे परिणाम आपण बघतोय त्यांतले बरेचसे कॅमेरा येण्याआधीच होऊन गेलेत, आणि ते घेणारे फ्रेममध्येच नाहीत.

सर्व्हेमध्ये हेच होतं. ज्यांनी फॉर्म भरला त्यांच्याबद्दल आपण निष्कर्ष काढतो आणि ज्यांनी भरला नाही ते गायब. गायब असणं हीसुद्धा माहिती आहे, ती निदान नोंदवून ठेवावी लागते.

शहराचं दुःख हे कारण की पार्श्वभूमी?

मालिकेची सुरुवात चर्चमध्ये होते. धर्मगुरू शहरासाठी आणि क्लबसाठी प्रार्थना करतात. तिथून पुढे जहाजं गेली, खाण गेली आणि आता क्लबही चालला, असं एक सूत्र न बोलता विणलं जातं. ऐकताना गळा दाटून येतो. माझाही आला.

मग मी जुनं टेबल उघडलं. १९९९-२००० आणि २०००-०१ या दोन्ही हंगामांत संडरलंड प्रीमियर लीगमध्ये सातवं होतं. गोद्या तेव्हाही बंद होत्या, खाणही बंद होती. जी गोष्ट तेव्हाही तशीच होती आणि आताही तशीच आहे, ती एकटी या बदलाचं कारण कशी असेल? शहराच्या इतिहासाने लोक क्लबवर इतकं प्रेम का करतात हे समजतं. संघ का हरला हे त्याने समजत नाही. मालिका या दोन प्रश्नांची सरमिसळ करते, आणि इतक्या हळुवारपणे करते की आपण हरकत घेत नाही.

तुलनेसाठी शेजारचं न्यूकॅसल घ्या. प्रदेश तोच, औद्योगिक इतिहासही बराचसा तसाच, आणि चाहते ज्याच्यावर कायम चिडलेले असत असा मालक, माइक ॲश्ली. तेही २०१६ मध्ये घसरले, पण पुढच्याच वर्षी चॅम्पियनशिप जिंकून परत वर आले. वुल्व्ह्ज २०१२ आणि २०१३ अशी सलग दोन वर्षं घसरले, पण लीग वनमधून एका हंगामात बाहेर पडले. संडरलंडला तिथून निघायला चार हंगाम लागले. हा फरक का पडला? हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे, आणि तो एकाच क्लबकडे बघून सुटणार नाही. मालिकेने तो सोडवावा असं मी म्हणत नाही. तो सुटल्याचा भास तिने निर्माण करू नये, एवढंच.

प्रशिक्षक बदलला की संघ सुधारतो?

हा माझा आवडता भाग. मार्च २०१३ मध्ये संडरलंडने प्रशिक्षक बदलला, संघ वाचला. सप्टेंबर २०१३ मध्ये पुन्हा बदलला, पुन्हा वाचला. मार्च २०१५, तेच. ऑक्टोबर २०१५ मध्ये ॲडव्होकाट गेले, ॲलर्डाइस आले, तरीही वाचला. गुण बघा: ३९, ३८, ३८, ३९. मग २०१६-१७ मध्ये डेव्हिड मॉयेसला पूर्ण हंगाम ठेवलं आणि संघ बुडाला. निष्कर्ष तयारच: बदला म्हणजे वाचाल!

थांबा. आपल्याकडे पोराला ताप सगळ्यात जास्त चढला की त्या रात्री आजी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढते आणि सकाळी ताप उतरतो. दृष्ट काढली म्हणून उतरला का? ताप टिपेला पोचल्यावर बहुधा उतरतोच, आणि दृष्ट आपण नेमकी टिपेलाच काढतो. प्रशिक्षकही संघ सगळ्यात वाईट खेळत असतानाच काढतात. त्यानंतर थोडी सुधारणा एरवीही होण्याची शक्यता असते. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. डच अर्थशास्त्रज्ञ बास तेर वेल यांनी नेदरलँड्सच्या लीगमधले १९८६ ते २००४ चे प्रशिक्षकबदल तपासले आणि ज्यांनी अशाच पडत्या काळात प्रशिक्षक बदलला नाही त्या संघांशी तुलना केली. २०११ च्या त्यांच्या लेखाचा सारांश असा की न बदलणारेही तसेच सावरतात. कंट्रोल ग्रुप का लागतो, याचं इतकं सोपं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

आणि पहिल्या पर्वात तर उलटंच घडतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी सायमन ग्रेसनला काढतात, वेल्सला युरो २०१६ च्या उपांत्य फेरीत नेणारे ख्रिस कोलमन येतात, आणि संघ तरीही शेवटचाच राहतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला नेहमीच गाठ पडत नाही.

एका गोलाने बदललेला अर्थ

दुसरं पर्व २०१८-१९ चं. नवे मालक स्टुअर्ट डोनल्ड, प्रशिक्षक जॅक रॉस. जानेवारीत १५ लीग गोल केलेला जॉश माजा फ्रान्सला निघून जातो आणि खरेदीच्या शेवटच्या दिवशी डोनल्ड विल ग्रिगसाठी बोली वाढवत जातात, आपल्याच माणसांनी सांगितलेल्या किमतीच्याही वर. किंमत सुमारे ३० लाख पौंड असल्याचं छापून आलं. उरलेल्या हंगामात ग्रिगचे लीगमध्ये गोल झाले ४. तो भाग बघताना सगळे डोक्याला हात लावतात.

पण त्या रात्री हाताशी काय माहिती होती? ग्रिगने याच लीग वनमध्ये २०१५-१६ ला २५ आणि २०१७-१८ ला १९ गोल केले होते. खेळाडूची निवड तेव्हाच्या माहितीवर तर्कसंगत होती. चुकीची होती ती किंमत ठरवायची रीत: घड्याळाकडे बघत, ठरवलेली मर्यादा ओलांडत. आणि ती रीत त्याने २० गोल केले असते तरी चुकीचीच राहिली असती. निर्णय आणि निकाल यांचं मोजमाप वेगळं ठेवणं संशोधकाला जमलंच पाहिजे.

मे २०१९ मध्ये वेम्बलीवर प्ले-ऑफचा अंतिम सामना. चार्लटनविरुद्ध १-१. चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला पॅट्रिक बाउअर गोल करतो आणि संडरलंड हरतं. मला सांगा, तो चेंडू बाहेर गेला असता आणि पुढे संडरलंड जिंकलं असतं तर? तेच मालक, तेच निर्णय, तीच ग्रिगची खरेदी, पण मालिकेचं नाव झालं असतं धाडसी पुनरुत्थानाची कहाणी. ज्या कथेचा अर्थ एका गोलाने उलटा होतो, ती कथा म्हणून उत्तम असू शकते, पुरावा म्हणून कच्ची असते.

आणि मैदानाबाहेरची जी गोष्ट मोजता आली असती ती मालिकेत पुसट राहते. घसरलेल्या क्लबांना प्रीमियर लीगकडून काही वर्षं ‘पॅराशूट’ रक्कम मिळते. डोनल्ड यांच्या खरेदीव्यवहारात त्यातला काही पैसा वापरला गेल्याचं बाहेर आलं आणि चाहत्यांमध्ये मोठा वाद झाला. ताळेबंदाला चेहरा नसतो, रडणाऱ्या चाहत्याला असतो. कॅमेरा कुणाकडे वळणार हे उघड आहे.

मग चांगलं काय?

चाहते. त्यांच्याबाबत मालिका दावा कमी करते आणि दाखवते जास्त, आणि म्हणून तिथे ती खरी उतरते. त्यांचं प्रेम संकलनावर अवलंबून नाही याचा बाहेरचा पुरावाही आहे: २६ डिसेंबर २०१८ ला, तिसऱ्या पायरीवरच्या सामन्याला, या मैदानात ४६,०३९ लोक आले होते. संघ २०२२ मध्ये वेम्बलीवरच जिंकून लीग वनमधून बाहेर पडला, २०२५ मध्ये प्रीमियर लीगमध्ये परतला. तेव्हा आनंद झालेल्यांत तेच टॅक्सीवाले, त्याच आज्या असणार.

आता माझी फजिती. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात माझ्या टिश्यू कल्चरच्या लागोपाठ दोन बॅचेस बुरशीने गेल्या. प्रोग्रेस रिपोर्टमध्ये मी अडीच पानं लिहिली. खलनायक होता आमचा जुना ऑटोक्लेव्ह, कारण तो आवाज करायचा आणि सगळ्यांना दिसायचा. लिहून झाल्यावर बरंही वाटलं, इतकं ते पटण्यासारखं होतं. मॅडमनी वाचलं आणि एवढंच विचारलं, "आधीच्या सहा चांगल्या बॅचेस कुठून काढल्या होत्यास गं?"

त्याच ऑटोक्लेव्हमधून. माझ्याच लॅब नोटबुकात, माझ्याच अक्षरात होतं. अडीच पानांची जागा दोन ओळींनी घेतली: दोन बॅचेस दूषित झाल्या, कारण निश्चित झालेलं नाही, पुढच्या बॅचमध्ये अमुक तपासणार. समितीसमोर त्या दोन ओळी वाचताना खूप लाज वाटली होती. तो रिपोर्ट मात्र पास झाला, आणि पुढच्या बॅचमध्ये नक्की काय मोजायचं हे मला पहिल्यांदा स्पष्ट होतं.

तेव्हा गृहपाठ असा. पहिल्या पर्वाचा कोणताही एक भाग बघा आणि वहीत तीन रकाने पाडा: काय दिसलं, काय सुचवलं गेलं, आणि ते चूक ठरायला काय दिसावं लागलं असतं. माझ्या दोघी ज्युनिअर्सपैकी एकीचा तिसरा रकाना पहिल्या भागात कोराच राहिला. चौथ्या भागापर्यंत तो भरायला लागला होता.